विद्यापीठाची ट्रायल

एखाद्या विद्यापीठाने नाही म्हटलं आणि घरात रडारड झाली, तर ते समजू शकतं. पण दोन-दोन विद्यापीठांनी हो म्हटल्यावर घरातल्या चारही माणसांची झोप उडावी म्हणजे काय? टाचणीच्या घरी नेमकं तेच झालं होतं.

टाचणी हे काही तिचं कागदावरचं नाव नव्हे. शिंप्याच्या घरात जन्मली, अंगाने काडी, आणि बोलणं असं की समोरच्याला टोचलंच पाहिजे. मग गल्लीने दुसरं काय नाव ठेवायचं? तिच्या बाबांना सगळे मास्टर म्हणत. पुढे दुकान, मागे घर आणि वर कापडाचे तागे ठेवायची एक खोली, एवढा त्यांचा पसारा. मास्टर माप घेत, कापड बेतत आणि शिवत. आई काज-बटणं करी. इस्त्री आत्याकडे. आत्या म्हणजे मास्टरांची थोरली बहीण. इस्त्री करता करता सगळ्या जगाला सल्ला द्यायचं कामही तिने आपणहून अंगावर घेतलं होतं, आणि ते ती इस्त्रीपेक्षा जास्त मन लावून करी. पन्नाशीच्या मास्टरांना ती भर दुकानात, गिऱ्हाइकांच्या देखत 'बाळ्या' म्हणून हाक मारी आणि मास्टर निमूटपणे 'ओ' देत.

तर, दोन विद्यापीठं. एक जवळचं. दुकानासमोर बस पकडायची ती थेट त्याच्या फाटकात उतरायची. तिथे टाचणीला वस्त्रशास्त्राला जागा मिळाली होती. धागे, विणी, रंग, सगळं घरातलंच. आणि दुसरं लांबचं. किती लांब? रेल्वेत बसावं, झोपावं, उठावं, पुन्हा झोपावं आणि तरी पोचलेलं नसावं, इतकं लांब. बरं, एवढं लांब जाऊन शिकायचं काय? तर किडे!

"किडे?" आत्याने इस्त्री उभी करून विचारलं. "अगं, ज्या मेल्या कसरीने बाळ्याचा लोकरीचा अख्खा तागा फस्त केला, तिच्यासाठी तू घर सोडून जाणार? वरची खोकी उघड, हव्या तेवढ्या देते."

पण टाचणीचं वेड जुनं होतं. लहानपणी एकदा लोकरी कोटांच्या खोक्यात कसरीच्या अळ्या निघाल्या, तेव्हा घरात आकांत झाला. आई डोक्याला हात लावून बसली, आत्या झाडू घेऊन धावली. टाचणी तेवढी जमिनीवर पालथी पडून बघत होती. एवढीशी अळी, लोकर खाते काय, आणि उरलेल्या लोकरीचं स्वतःभोवती घर शिवते काय! "बाबा, ही पण शिंपी आहे," असं तिने तेव्हा जाहीर केलं होतं, आणि मास्टरांनी ती अळी झाडूखालून वाचवून एका बरणीत ठेवायला दिली होती. तेव्हापासून या मुलीच्या खिशात काहीतरी वळवळत असायचं.

मग अडलं कुठे? घे की लांबचं! पण घोडं अडलं होतं ते बाह्यांपाशी.

झालं असं, की लांबच्या विद्यापीठाचा होकार आला तेव्हा मास्टर कटिंग टेबलावर एका कोटाचं कापड बेतत होते. टाचणीने फोनवर आलेलं पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. मास्टर "वा!" म्हणाले. मग पुन्हा "वा, वा!" म्हणाले आणि कात्री चालवत राहिले. संध्याकाळी आईने काजं करायला बाह्या घेतल्या, तर दोन्ही डाव्या. उजव्या हाताला बाहीच नाही! आईने मास्टरांकडे पाहिलं, मास्टरांनी पंख्याकडे पाहिलं.

"कापड उलटं आलं," ते म्हणाले.

कापड काही उलटं आलं नव्हतं. एवढ्या वर्षांत या माणसाने डोळे मिटून कापलं तरी असं झालं नव्हतं. टाचणीने ते पडद्याआडून पाहिलं. नुसतं पत्र वाचलं तर ही तऱ्हा. मी खरंच गेले तर हा माणूस काय काय उलटं कापून ठेवेल? तिला लांब जायचं होतं, अगदी जिवापाड जायचं होतं, आणि त्या दोन डाव्या बाह्या तिच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हत्या. तेव्हापासून कोणी विचारलं की ती एकच सांगे, "दोन्ही चांगली आहेत." टोचून बोलणारी पोर अशी गुळमुळीत बोलायला लागल्यावर घरच्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

जो तो सल्ला द्यायला लागला. आई म्हणाली, जवळचं बरं. मग म्हणाली, लांबचं बरं. मग म्हणाली, मला काही विचारू नका. दुकानात एक निवृत्त न्यायाधीश पॅन्ट घट्ट झाल्याची तक्रार घेऊन नेहमी येत. त्यांनी डावा पाय टाचून होईपर्यंत जवळच्या बाजूने निकाल दिला आणि उजवा पाय टाचताना तो फिरवला. "वरच्या कोर्टात जा," असं शेवटी म्हणून ते मोकळे झाले. उत्तर द्यायची मुदत महिनाअखेर होती, आणि महिना काही कोणासाठी थांबत नाही.

शेवटी एका रविवारी जेवताना मास्टरांनी घसा साफ केला.

"आपण ट्रायल घेऊ."

"कसली?" आई म्हणाली.

"विद्यापीठाची."

आता मास्टरांचं हे दुखणं गल्लीला माहीत होतं. ट्रायल घेतल्याशिवाय त्यांनी आयुष्यात कुठला कपडा हातावेगळा केला नव्हता. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, लग्नघरातून पळत आलेलं असो, मास्टर कच्च्या टाक्यांवर कपडा अंगात घालायला लावणार, बसवणार, उठवणार, हात वर करायला लावणार, आणि मगच पक्की शिलाई मारणार. पण म्हणून विद्यापीठ?

"एक आठवडा लांबचं, एक आठवडा जवळचं," मास्टर बोटांवर मोजत सांगायला लागले. "लांबच्या आठवड्यात ही वरच्या खोलीत राहील. वर म्हणजे वर नाही, तिकडे. खाली यायचं नाही. आपण वर जायचं नाही. संध्याकाळी एक फोन. दुसऱ्या आठवड्यात जवळचं, रोज सकाळी बसने जायचं, संध्याकाळी घरी. मग जे अंगाला नीट बसेल ते घ्यायचं. त्यात काय एवढं?"

"अहो, डोकं ठिकाणावर आहे का?" आई म्हणाली. "पोर घरात असताना नाही असं समजायचं?"

"मग तिला पॅन्टसारखी परत आणता येणार आहे का आल्टर करायला?" मास्टर म्हणाले. आईने भाताचा डाव पातेल्यात आपटला. टाचणीला मात्र हसू फुटलं आणि त्या भरात ती हो म्हणून बसली.

सोमवारी सकाळी प्रस्थान झालं. मागच्या बोळातून एक लोखंडी जिना वरच्या खोलीत जातो, तिथून टाचणीने जायचं ठरलं होतं. दुकानाच्या पुढच्या दारातून निघून इमारतीला वळसा घालायचा, एवढाच प्रवास. तेवढ्या प्रवासासाठी आईने डबा दिला. पाण्याची बाटली दिली. स्वेटर दिला. उंबऱ्यात उभी राहून डोळ्यांना पदर... छे, हातात होती ती अर्धवट शिवलेली कोणाची तरी कॉलर, तीच लावली. समोरच्या चहावाल्याने विचारलं, "कुठे निघाली हो पोर?" मास्टर म्हणाले, "लांब." चहावाल्याने कोपऱ्यापर्यंत तिच्याकडे बघितलं, मग ती बोळात वळलेली बघितली, आणि तो पुन्हा कपबश्या विसळायला लागला. या दुकानातल्या माणसांचं काय सांगावं, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

वरच्या खोलीत ताग्यांच्या चळती, एक खाट आणि कोट टांगायचा एक पुतळा, डोकं नसलेला. टाचणीने त्याला रूममेट म्हणून टाकलं. घोरत नव्हता आणि फोनवर बोलत नव्हता, त्या मानाने रूममेट नशिबाने चांगला मिळाला होता. ती सामान लावते न लावते तोच जिना धाडधाड वाजला आणि आत्या हजर.

"आत्या! कोणी वर यायचं नाही ना?"

"आत्या कोण? मी वॉर्डन," आत्या धापा टाकत म्हणाली. "होस्टेलला वॉर्डन असते. मी बाळ्याला स्पष्ट विचारलं, असते की नाही? तो म्हणाला, असते. संपलं. आजपासून वॉर्डन मॅडम म्हणायचं. आणि तो पसारा आवर, ही काय खोली आहे?"

मेसचं जेवण आणायचं कामही वॉर्डनबाईंनीच घेतलं. होस्टेलचं जेवण बेचव असतं अशी त्यांची पक्की माहिती होती, म्हणून आईने केलेल्या भाजीत त्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाणी ओतत. आईला ते कळलं. मग आई पातळ भाजी वर ठेवून डब्याच्या तळाला घट्ट भाजी लपवायला लागली. ट्रायल अशी प्रामाणिकपणे सुरू झाली.

मनापासून नियम पाळत होते ते मास्टर, बाकीच्यांचं कधी मोडणं तर कधी पाळणं चालू होतं. दुसऱ्या दिवशी आई बाजारातून येताना बोळाच्या तोंडाशी टाचणी समोर आली. आता काय करायचं? मुलगी तर लांब आहे! आईने चटकन मान वळवली, न दिसल्यासारखं केलं, आणि थेट विजेच्या खांबावर आदळली. "लागलं का गं?" टाचणी ओरडली. "मी ओळखत नाही तुला," असं म्हणत, कपाळ चोळत, आई पळाली. संध्याकाळच्या फोनवर तिने सांगितलं की सगळं ठीक आहे, फक्त कपाळाला जरा टेंगूळ आलंय, कशाने ते माहीत नाही.

हे फोन म्हणजे आणखी एक प्रकरण. मास्टर खालून फोन लावत. फोनमधून येई त्याच्या आधी तोच आवाज फरशीतून येई. "काय म्हणतंय विद्यापीठ?" हे टाचणीला आधी पायाखालून ऐकू येई आणि मग कानात. मास्टर मजेत वाटत. काम भरपूर आहे म्हणत. तुझी आठवण काढायलासुद्धा फुरसत नाही म्हणत आणि खदाखदा हसत. आई मागून हसे. आत्या हसे. फोन ठेवल्यावरही खालून हसण्याचे आवाज येत राहत.

आधी टाचणीला बरं वाटलं. चला, सुटले! मी नसले तर यांचं काही अडत नाही. तिने आपणही मजेत असल्याचं ठणकावून सांगितलं, गाणी मोठ्याने लावली, म्हणजे खाली ऐकू जातील. मग गाणी संपली आणि खालून टीव्हीचा आवाज आला, भांड्यांचा आला, तिघांच्या हसण्याचा आला, आणि ती ताग्यांच्या चळतीला टेकून बसली. तिला कसंतरीच व्हायला लागलं. यांना खरंच काहीच वाटत नाही? मी म्हणजे काय, दुकानातलं गिऱ्हाईक होते? गेले तर गेले? दोन डाव्या बाह्या खरंच कापड उलटं आल्यामुळे झाल्या होत्या की काय! यांचं काही मोडेल या भीतीने जाता येत नव्हतं, आणि यांचं काही मोडत नाही हे कळल्यावर तिला रडू येत होतं. माणसाचं मन कशाने सुखी होईल याचा नेम नाही.

गुरुवारी तिच्या कोटाचं बटण तुटलं. खरं सांगायचं तर ते अर्धं तिनेच पिरगळलं होतं, पण ते राहू दे. ती लोखंडी जिन्याने उतरली, वळसा घालून पुढच्या दारातून दुकानात शिरली.

मास्टर एकटेच होते. आई आणि आत्या मागे घरात. मास्टरांनी मान वर केली आणि त्यांचा चेहरा आधी उजळला, मग पडला.

"तू इथे कशी? तू तिकडे आहेस ना!"

"तिकडेच आहे," टाचणी म्हणाली. "कोटाचं बटण तुटलंय. तिकडे काय शिंपी नसतात? मी तिकडच्या शिंप्याकडे आलेय."

मास्टरांनी विचार केला. हे नियमात बसतं की नाही ते मनातल्या मनात उलटसुलट करून पाहिलं. बसत होतं. त्यांनी वळून गळ्यातली टेप सारखी केली आणि पुन्हा तिच्याकडे वळले तेव्हा ते परगावचे शिंपी झालेले होते.

"या मॅडम, बसा. नवीन दिसताय गावात?"

"हो. शिकायला आलेय."

"अरे वा. काय शिकता?"

"किडे."

"काय सांगता!" मास्टर म्हणाले. त्यांनी कोट घेतला, सुईत दोरा ओवायला लागले. "माझी मुलगीसुद्धा किडेच शिकते. लांब असते."

टाचणी स्टुलावर बसली.  हा तोच माणूस, हीच टेप, हेच दुकान. पण 'तुम्ही' म्हणून बोलायला लागल्यावर समोर कोणी वेगळाच बसलाय असं तिला वाटलं, आणि त्या वेगळ्या माणसाला काहीही विचारता येण्यासारखं होतं.

"करमतं का हो तुम्हाला तिच्याशिवाय?" तिने विचारलं.

दोरा सुईच्या नाकातून हुकला. मास्टरांनी तो पुन्हा ओठांत धरून ओला केला.

"नाही करमत," ते म्हणाले. "अजिबात नाही करमत, मॅडम. तिला सांगू नका. फोनवर मी हसतो. माझी बायको हसते, बहीण हसते. फोन ठेवला तरी हसत बसतो, कारण वर... म्हणजे तिकडे ऐकू जातं. काल हसता हसता बायको न्हाणीत जाऊन रडून आली. बहीण तर काही ना काही निमित्त काढून रोज चार वेळा तिकडे जाते."

"एवढ्या लांब?"

"एवढ्या लांब," मास्टर गंभीरपणे म्हणाले. "गुडघे दुखतात तरी. आता तुम्हाला म्हणून सांगतो, ट्रायलला येणारा प्रत्येक माणूस पोट आत घेतो. मी ओरडतो, अहो सोडा पोट, घरी जाऊन सोडणारच आहात! पण नाही. तसं चाललंय आमचं. सगळे पोट आत घेऊन बसलोय. आणि ती पण तिकडे गाणी लावते ना, तीही तेच करते, मला काय कळत नाही?"

 टाचणी उगाचच समोरच्या बटणांच्या डब्या बघायला लागली.

"मग जवळच ठेवायचं मुलीला," ती म्हणाली. "जवळ पण विद्यापीठ असेल की."

"आहे ना. छान आहे. ठेवलीही असती." मास्टरांनी सुई बटणातून काढली. "माझ्यासाठी राहशील का म्हटलं असतं, तर राहिली असती. तशी गुणाची आहे, बोलते फक्त वाकडं. पण मग काय होईल? रोज संध्याकाळी ती त्या दारातून आत येणार आणि मी तिच्या तोंडाकडे बघत बसणार, की हिला तिकडे जायचं होतं, हिला तिकडे जायचं होतं. ते नाही मला झेपायचं. नुसती आठवण आली तर माणूस रडून तरी मोकळा होतो."

"आणि तिला वाटत असेल की बाबा मोडून पडेल तर?" टाचणीचा आवाज फाटला. "कापडं उलटी कापेल, जेवणार नाही, आणि हे सगळं माझ्यामुळे, म्हणजे तिच्यामुळे, तर तिने जायचं तरी कसं?"

"कापेन की उलटी!" मास्टर एकदम म्हणाले. "चार कोट बिघडतील. सहा बिघडतील. कापडच आहे, दुसरं आणू. तू कशाला त्याचं..." ते थांबले. 'तू' निघून गेलं होतं. त्यांनी खाली मान घातली आणि बटणाला इतका दोरा गुंडाळला, इतका गुंडाळला, की ते बटण आता कोट फाटला तरी तुटणार नव्हतं.

 तेवढ्यात ट्रायलरूमच्या पडद्याआडून कोणीतरी जोरात नाक शिंकरलं.

टाचणी दचकून उभी राहिली. मास्टरांनी कपाळावर हात मारला. पडदा एक वीतभर सरकला आणि त्यातून निवृत्त न्यायाधीशांचं तोंड बाहेर आलं, डोळे लालभडक.

"मास्टर," ते भरल्या गळ्याने म्हणाले, "मी मघापासून इथे पॅन्टशिवाय उभा आहे. तुम्ही पॅन्ट घेऊन गेलात ते गेलात. मी आवाज द्यायला तोंड उघडलं, तर तुमचं हे सुरू झालं. मध्ये कसं बोलायचं? तुमच्या घरात तीन दिवसांपूर्वी पाहिलेली मुलगी आज तिकडची गिऱ्हाईक कशी झाली हे मला कळलेलं नाही, आणि समजून घ्यायचंही नाही. पण माझा निकाल ऐका. तिला जाऊ द्या. आणि माझी पॅन्ट द्या."

मशीनवर त्यांची पॅन्ट तशीच पडली होती, अर्धी उसवलेली. मास्टरांनी ती पडद्याआड दिली, न्यायाधीश ती तशीच घालून, हातातली फाइल मागे धरून घरी गेले. दुकानात बाप-लेक इतके हसले, की मागून आई आणि आत्या धावत आल्या. तोवर टाचणी कोट घेऊन पसार झाली होती, आणि मास्टर डोळे पुसत होते. कशाने डोळे भरले, हे त्यांनी सांगितलं नाही.

वर येऊन टाचणी खाटेवर बसली. पुतळ्याकडे बघितलं. मग फोन काढला, लांबच्या विद्यापीठाचं पान उघडलं आणि होकाराचं बटण दाबलं.  जवळच्याला तिने नम्रपणे नाही म्हणून कळवलं, त्यात दोनदा आभार मानले. जवळच्या विद्यापीठाचा तरी यात काय दोष होता!

मग मात्र तिला एक क्षण वर राहवेना. ती धडधड जिना उतरली, वळसा घालायचाही कंटाळा करून बोळातल्या मागच्या दारातून थेट स्वयंपाकघरात शिरली. तिघं जेवायला बसत होते. आईच्या हातातला डाव तसाच राहिला.

"मी लांबचं घेतलं," टाचणी म्हणाली. "कळवून टाकलं. ठरलं."

आईने डाव टाकला आणि तिला जवळ घेतलं. आई रडत होती आणि रडता रडता लेकीच्या पाठीवर गुद्दे घालत होती, की खांबावर आदळले ते कोणामुळे! आत्याने तिथल्या तिथे वॉर्डनपदाचा राजीनामा दिला, गुडघ्यांच्या कारणास्तव, आणि जाहीर केलं की होस्टेलच्या जेवणात पाणी तिने कधीच घातलं नाही, नळच गळका आहे. मग डोळ्यांना इस्त्रीचा रुमाल लावून ती पोरीचा गालगुच्चा घ्यायला उठली.

"चल, हात धू," आई म्हणाली. "सगळं गरम आहे. झालं ना आता ते ट्रायलचं खूळ! बस."

टाचणीने आपली खुर्ची ओढली. तेव्हा मास्टर उठून उभे राहिले.

"बसू नकोस," ते म्हणाले.

सगळ्या त्यांच्याकडे बघायला लागल्या.

"आठवडा अजून संपला नाही. रविवारपर्यंत आहे. वर जा."

"अरे बाबा, पण माझं ठरलं ना! आता कशाची ट्रायल?"

"अहो, पुरे की!" आई ओरडली. "जेवू दे तिला. जायचंच आहे तिला, तोवर तरी समोर बसू दे!"

"बाळ्या, मी वॉर्डन म्हणून सांगते..." आत्या राजीनामा विसरून म्हणाली.

मास्टरांनी दोघींकडे पाहिलं नाही. ते टाचणीकडे बघत होते. आता त्यांनी हसायचा प्रयत्न केला नाही.

"तुझी झाली ट्रायल," ते म्हणाले. "तुला बसतंय. ते मला दुकानातच दिसलं. माझी अजून चालू आहे गं. मला अजून नीट नाही बसत. काखेत ओढतंय, श्वास घेताना लागतंय. तू खरी गेलीस की मग मला आल्टर करायला कोण आहे? हे तीन दिवस मला दे. जा वर."

 आईने मान खाली घातली आणि हळूच टाचणीची थाळी वाढायला घेतली, न्यायला.

टाचणीला वाटलं, धावत जाऊन बाबाच्या गळ्यात पडावं. एवढं वाटलं की पाय उचललाही. पण ती गळ्यात पडली असती तर त्याची ट्रायल तिथेच मोडली असती, हे तिला त्याच्या तोंडावर दिसत होतं. तिने थाळी घेतली. "येते," म्हणाली. मागच्या दारातून बाहेर पडली. लोखंडी जिना ती सावकाश चढली, कारण थाळी दिसत नव्हती. डोळे नुसते भरून वाहत होते.

तिने थाळी खाटेवर ठेवली तोच फोन वाजला.

"पोचलीस का?" मास्टरांनी विचारलं.

"पोचले बाबा," ती म्हणाली.

"बरं," ते म्हणाले. आणि मग दोघांपैकी कोणीच फोन ठेवेना.